काशीबाईचा झिरा

माह्यं माहेर उमरेडचं. बाप मागावर बसे, माय कांड्या भरे, आन् आमी पोट्ट्या सूत उकलत उकलत मोठ्या झालो, नदी काय असते ते मले मालूमच नोतं, तिकडं विहीर होती, दोर ओढून ओढून हाताले घट्टे पडत. मंग लगन झालं आन् इकडं कन्हान नदीच्या काठी आली. हे गाव म्हना का शहर म्हना, बाजार भरते, यष्टी थांबते, म्हनून इथल्या लोकायले पह्यलेपासून लय घमंड, का आमी काई खेड्यातले नाई. पन नळ नोता, लाईट नोती, दवाखान्यात डॉक्टर कधी असे कधी नसे. होती ती नदी होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूनं हातात नारळाची नरोटी देली आन् म्हने चाल वं, तुले पानी दाखवते. मी म्हनलं पानी काय दाखवाचं. नदीवर गेलो तं उन्हाळ्याचे दिवस, पानी पार पल्याड एका कडेले, आन् मंधात रेतीच रेती, पांढरी, चमकनारी, पाय भाजे. बुढी बसली आन् हातानं रेती उकरत गेली, कोपरभर खोल, आन् काय सांगू ताई तुम्हाले, खालून पानी झिरपून झिरपून वर आलं, थंडगार, काचेवानी साफ. यालेच झिरा म्हनतेत. नरोटीनं काढाचं, पितळेच्या गुंडात, म्हनजे घागरीत, भराचं. आन् त्याचा कायदा होता, सकाळी जी बाई पह्यली येईन तिनं रातचं जमलेलं शिळं पानी उपसून फेकाचं, नवं पाझरू द्याचं, मंगच भराचं, आपल्यासाठी नाई तं मागून येनारीसाठी. बुढी म्हने, तू आता या घरची हाय, हा झिरा तुहा.

तिचं नाव काशीबाई. साऱ्या गावात त्या झिऱ्याले काशीबाईचा झिराच म्हनत, आन् ते नाव काई प्रेमानं नोतं पडलं. पह्यले आमच्या लोकायचा झिरा सगळ्यात खाली होता, वर मोठ्या घरायचे, मंग बाकीच्यायचे, मंग कपडे धुवाचे दगड, मंग म्हशी, आन् त्याच्याबी खाली आमी. साबनाचा फेस रेतीतून आमच्या झिऱ्यात ये. मंग सासू-सासरे नागपूरले पायी गेले, दीक्षा घेतली, पायी आले. आन् पुढच्या उन्हाळ्यात बुढी गुंड घेऊन निघाली तं खाली वळलीच नाई, सरळ वर गेली, मोठ्यायच्या झिऱ्याच्याबी वर, आन् बसली उकराले. लोक काठावर जमले, शिव्या देल्या, एकानं गुंड लाथेनं उडवला, त्याले हा एवढा पोचा पडला. रातून झिऱ्यात शेन टाकून गेले. हिनं सकाळी शेन काढलं, हातभर बाजूले नवा झिरा काढला. पुन्हा टाकलं, पुन्हा काढला. शेवटी तेच थकले. मंग आमच्या साऱ्या बाया तिथंच जाऊ लागल्या. बुढीनं तो पोचा कधी ठोकून घेतला नाई. सासूले मी मामी म्हनत होती, एकदा म्हनलं, मामी, तांबटाकडं देऊ का, तं अशी पाह्यली माह्याकडं का मी पुन्हा नाव काढलं नाई.

मंग गावात सुधारणा आली. पह्यले लाईटीचे खांब आले, बजारात उजेड, आमच्या मोहल्ल्यात अंधार. मंग नळ आला, तो बी पह्यले चौकात, आन् आमच्याकडं याले माही पोरगी सुनंदा शाळेत जाऊ लागली तवा कुठं आला. ज्या दिवशी आला त्या दिवशी आमी बायायनं तोटीले हळद-कुंकू नाई पन फुलं वाहिली, खोटं काहून सांगू. चढ चढाची मेहनत वाचली. बुढीनं ओंजळ भरली, वास घेतला, फेकून देली. म्हने याले दवाईचा वास येते. नळाच्या पान्यानं ती पाय धुवे, भांडे घासे, पन प्याले झिऱ्याचंच. कमरेतून वाकली, डोये गेले, तरी काठी टेकत जाये. आन् बोलता बोलता एकच बोले, मनोहर गा, मी मरीन तवा तोंडात झिऱ्याचं पानी घालजो, दुसरं काई मागत नाई तुले. मनोहर म्हनजे आमचे हे. हे म्हनत, घालीन वं माय, कितीक बार सांगशीन.

तेवढ्यात नागपूरचे टरक येऊ लागले. तिकडं मोठमोठे बंगले, दवाखाने बांधून राहिले होते, त्याले रेती पायजे. ठेकेदार रोजचे रोज पैसे दे. वावरात कोन राबते मंग, मोहल्ल्यातले सारे मानसं फावडं-घमेलं घेऊन नदीवर, आमचे हे बी. कोनाले काई वाटलंच नाई, काहून का आमच्या लोकायले पक्कं मालूम होतं, रेती संपत नाई. आजवर किती का नेली, पुराले नदी नवी आनून देते, हे आमी डोयानं पाह्यलेलं. पन पूर आला आन् रेती आलीच नाई, वरच्या साऱ्या घाटावर बी टरकच लागले होते नं.

तरी आमच्या यायनं एक केलं. झिऱ्याच्या जागेले हात लावू देला नाई. ठेकेदाराशी भांडले, मजुरी कापून घेतली, पन चारी अंगानं खड्डे झाले तरी मंधात बुढीच्या झिऱ्याचा ढिगारा तसाच उभा ठेवला, एका खोलीएवढा. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगत, माय, तुहा झिरा सोडला. बुढीले दिसत नोतं, खड्ड्यायपायी तिचं नदीवर जानं सुटलं होतं, नळाचंच नाक मुरडून पिये, पन हे ऐकून ती खूश. मले बी वाटलं, राहिला बिचारीचा.

मंग बुढीचं पोट फुगू लागलं. नागपूरले धंतोलीत मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरनं तपासलं आन् यायले बाजूले घेऊन सांगतलं, घरी न्या, खाऊ-पिऊ घाला. बाहेर आलो तं समोर नवी इमारत बांधून राहिले होते, रस्त्यावर रेतीचा ढीग. बुढी चालता चालता थकली, त्या ढिगाशीच बसली. हात टेकला आन् थांबली. मूठ भरली, बोटानं चोळली, नाकाशी नेली. म्हने, मनोहर, हे रेती आपली होय का गा? यायनं तिचा हात धरून उठवाले पाह्यलं. म्हने, झिऱ्याजवळची तं नाई? हे म्हनले, नाई वं माय, तो सोडला. बुढीनं मूठ पदरात बांधली आन् यष्टीत साऱ्या रस्त्यानं पदर धरून बसली. मले रडू आलं, मी खिडकीकडं तोंड केलं.

मे महिन्यात ती गेली. दुपारची वेळ होती, श्वास लागला, जीभ कोरडी पडली, हातानं इशारा करून राहिली का पानी. हे उठले, तोच पोच्याचा गुंड घेतला आन् पळत नदीवर गेले. लय वेळ लागला. मी बुढीचं डोस्कं मांडीवर घेऊन बसली, म्हनत होती, येतेत मामी, येतेत. हे आले तं कोपरापासून खाली सारे हात चिखलाचे, नखं फाटलेले, रगत आलेलं, गुंड रिकामा. दारातच उभे राहिले. म्हनले, ढिगारा पार खालपर्यंत उकरला, कोरडी रेती, आन् खाली काळी माती. म्हनले, भवतालची रेती गेली नं, पानी धरन कोन. खड्ड्यात होतं, पन हिरवं, म्हशी बसलेल्या. मानसानं आपल्या मनानं जागा सांभाळली होती ताई, पन झिरा काई एका जागेत नसते, साऱ्या नदीत असते, हे त्यायले तवा समजलं.

मंग यायनं नळाचं पानी गुंडात ओतलं. बुढीच्या पदराची गाठ सोडली, ती धंतोलीची मूठभर रेती पान्यात टाकली, हलवली, निवळू देली, आन् नरोटीनं तिच्या तोंडाशी नेली. म्हनले, घे माय, झिऱ्याचं आनलं. बुढीनं नाक हलवलं. आन् ओठ मिटून घेतले. गच्च. पानी दोन्ही गालावरून खाली गेलं, माही मांडी भिजली. हे पुन्हा घालत, ती पुन्हा मिटे. घे नं माय, घे नं, म्हनत हे पोरावानी रडाले लागले. ती तशीच गेली, कोरडी. कशानं मिटले ओठ, रागानं का गिळवतच नोतं म्हनून, ते कोन सांगन. यायले इचारलं तं हे म्हनतेत, तिले समजलं.

त्याच्यानंतर यायनं फावडं हाती धरलं नाई. यष्टी स्टँडवर बोजे उचलतेत. उन्हाळा लागला का अजून नदीवर जाऊन उकरत बसतेत, पोट्टे हासतेत, म्हनतेत बुढा पागल झाला. मी जेवाच्या वेळेले बोलावून आनते. सुनंदा सासरी सुखी हाय. तिचा भाऊ टरकावर जाते, आमच्या घाटावर रेती राहिली नाई तं दुसऱ्याच्या घाटावर, पोट हाय, काय म्हनाचं त्याले. नळ एक दिवसाआड येते, तो बी तासभर.

माह्यं बी वय झालं आता. मागच्या बारीले सुनंदा आली तं तिले जवळ बसवून सांगतलं, बाई, माह्या तोंडात नळाचंच घाल. त्या दिवशी नळ नसन आला तं कोरडीच जाऊ दे मले. पन तुह्या भावाच्या हातात गुंड देऊन त्याले नदीवर धाडू नको.