सुधींद्रचा दुखरा गुडघा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय त्र्यंबकराव. आमच्या रविवारच्या फुटबॉल लीगमध्ये इतकी वर्षं शिट्टी वाजवणारे आणि दोन्ही संघांच्या शिव्या सारख्याच शांतपणे ऐकून घेणारे प्रमुख पाहुणे रामस्वामी सर. सत्कारमूर्ती सुधींद्र आणि त्याची पत्नी कनका. व्यासपीठाच्या त्या टोकाला बसलेला मंदार. आणि मधली वाट मोकळी सोडून डावीकडे मैलापूर, उजवीकडे शोळिंगनल्लूर असे वाटून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी विद्यालक्ष्मी. या दोन्ही संघांची फिजिओथेरपिस्ट. सामना संपल्यावर तुम्ही सगळे कॉफी प्यायला जाता, तेव्हा कुणाच्या तरी घोट्यावर बर्फ धरून बसलेली असते, ती बाई. माझं मूळचं मराठी तंजावरचं. लग्नानंतर सासूबाईंनी त्याला पुण्याची इस्त्री केली. एखादी चुणी राहिली असेल तर ती माझी समजावी, सासूबाईंना बोल लावू नये.

संयोजकांनी मला विषय दिलाय, एकाच काळातले आपले दोन थोर स्ट्रायकर. वर बजावलंय की ‘मॅडम, आज तरी गोड बोला.’ प्रयत्न करते. पण माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो या धंद्याने केलाय. खेळाडू दुखण्याबद्दल खरं बोलत नाहीत. ज्याला बाकावर बसायचं असतं त्याला सगळीकडे दुखतं आणि ज्याला उतरायचं असतं त्याला पाय तुटला तरी काही होत नाही. आता तर घरी नवऱ्याने ‘डोकं दुखतंय’ म्हटलं, की मी औषध शोधायच्या आधी आज कुणाकडे जायचं ठरलं होतं ते आठवते.

तर आधी मैलापूरचा सुधींद्र. तुम्ही त्याला पाहिलंच आहे. कमरेवर हात ठेवून उभा. बचावपटूला वाटतं, हा माणूस बसची वाट बघतोय. मग अर्ध्या तासाने एक चेंडू येतो, हा दोन पावलं सरकतो, पायाचा आतला भाग हलकेच लावतो आणि गोलकीपर जाळीकडे वळून बघतो. घामसुद्धा येत नाही! आणि शोळिंगनल्लूरचा मंदार? मूळचा कोल्हापूरचा गडी. पेठेतल्या मैदानावर घडलेला. मोटारीच्या कारखान्यात पाळी करून येतो आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत धावतो. डोक्याने, खांद्याने, पडून, लोळून, कसाही गोल करतो. सुधींद्रचा गोल बघताना आपण ‘वा’ म्हणतो. मंदारचा गोल बघताना आपण खुर्चीवर उभे राहतो.

दोघांत मोठा कोण? या प्रश्नावर या सभागृहातली किती घरं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला विचारू नका. एक साखरपुडा पुढे ढकलला गेला होता, एवढंच सांगते. त्र्यंबकराव, तुम्ही हसताय, पण तो तुमच्याच भाच्याचा होता.

असो. मूळ मुद्द्यावर येते. निरोप सुधींद्रचा आहे. निमंत्रणात लिहिलंय, गुडघ्याच्या दुखापतीमुळे निवृत्ती. ते वाचलं आणि माझा संशय जागा झाला. कुठला गुडघा? हा माणूस पायाचं नख दुखलं तरी माझ्या दारात येऊन बसतो. बूट चावला, ये अक्काकडे. झोपेत मान अवघडली, ये अक्काकडे. आणि खेळ सोडायची पाळी आणणारा गुडघा मात्र तो मला दाखवायलाही आणत नाही? बरं, दुसऱ्या कुणाकडे गेला म्हणावं, तर या गावातल्या गुडघेवाल्या डॉक्टरांना मी ओळखते. कुणाकडेही गेला नव्हता.

मग एक दिवस मी टी. नगरला गेले होते, भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला. समोरून बस सुटली आणि एक गृहस्थ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तिच्यामागे असे धावले, की कंडक्टरने शिट्टी वाजवून बस थांबवली. मी टाळ्या वाजवणार होते. बघते तर हे आपले निवृत्त!

आणि खरं सांगू? पुढच्या रविवारी सामना बघायला आला तेव्हा त्याने गुडघ्याला पट्टा बांधला होता, तो उजव्या पायाला. आज सत्काराला येताना तो डाव्या पायाला आहे. इथून पँटवरून दिसतोय. कनका, तू खाली बघू नकोस गं, तुझा यात काही दोष नाही.

मी कनकाला विचारलं होतं. म्हटलं, तूच सोडायला लावलंस का? तर ती म्हणाली, ‘छे हो अक्का. अजून रोज बूट पुसून ठेवतात. मी विचारलं तर मला म्हणतात, तू वेलची घातलीस का पायसमात, ते बघ.’ म्हणजे घरची कुरबूर नाही. ऑफिसचं म्हणावं तर तिथले साहेब याच्या गोलांवर पैजा लावतात. मग का? पाय धड, मन मैदानात, आणि माणूस निरोप घेतोय! मला कळेना. पण मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. चार शब्द कौतुकाचे बोलायचे आणि पायसम खाऊन घरी जायचं.

ते माझ्या आधी मंदार बोलला म्हणून बिघडलं.

आठवतं ना, गेल्या वर्षी बक्षीस समारंभात मंदार याच माईकवर काय म्हणाला होता? ‘सुधींद्र बूट काढंल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काढणार. त्याच्या आधी मला कुणीबी मैदानाबाहेर काढायचं नाही.’ आपण किती टाळ्या वाजवल्या. आणि मघाशी तोच मंदार म्हणाला, ‘आता मैदान मोकळं झालं की ओ. सुधींद्रच्या मागं मी थोड्याच गोलांनी आहे, एक सीझन काढतो आणि पुढं जाऊन मगच थांबतो.’ उजवी बाजू शिट्ट्या वाजवत होती, डावी बाजू ओरडत होती. मी संशयी बाई, मी फक्त सुधींद्रकडे बघत होते. पेनल्टी बाहेर गेली तरी हसणारा हा माणूस, त्याचा चेहरा पार उतरला. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो मंदारच्या पायांकडे बघत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मंदारच्या गुडघ्याविषयी मी एक अक्षर बोलणार नाही. माझ्या टेबलावर जे बोललं जातं ते तिथेच राहतं. पण तुम्हाला डोळे आहेत ना? व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत. त्या चढताना त्याने कठडा कसा धरला होता, बघितलंत कुणी? नाही बघितलंत. तुम्ही घोषणा देत होता. मैदानावर त्याच्यासमोर दर रविवारी उभ्या राहणाऱ्या एका माणसाने मात्र बघितलं होतं, फार आधी. हा वळताना दात आवळतो. हा पडल्यावर उठायला हात टेकतो. त्याला ‘थांब’ म्हणून कुणी सांगायचं? प्रतिस्पर्ध्याने सांगितलं असतं तर मंदारने ऐकलं असतं? उलट म्हणाला असता, घाबरला. मग त्या माणसाने मंदारचा शब्द धरला. मी बूट काढतो, म्हणजे हा काढेल. स्वतःचा धडधाकट गुडघा दुखतोय म्हणून गावभर सांगितलं.

हा माझा संशय आहे. पुरावा नाही. सुधींद्र, खोटं असेल तर आत्ता उठून सांग.

बघा, तो हात हलवून मला ‘पोदुम अक्का, पोदुम’ म्हणतोय. नाही रे बाबा, अजून पुरे नाही झालं.

मंदार, तुझ्याशी बोलते. कुणाच्याही गुडघ्याची गोष्ट सांगते, तुझ्याच असं नाही. एकदा आतली गादी झिजली की ती परत येत नाही. आज एक सीझन मिळतो, आणि पुढे सगळं आयुष्य जिन्याखाली उभं राहून वर हाक मारण्यात जातं. तू पाळीला उभा कसा राहशील? मला तुझा राग येतो रे. आणि काळजी वाटते, म्हणूनच येतो. गोल तू पुष्कळ केलेस. ते कुणी पुसणार नाही. पण तुझ्यासाठी या माणसाने अजून दोन-तीन वर्षांचा खेळ सोडलाय, रोज बूट पुसत घरी बसलाय, आणि तू म्हणतोस मैदान मोकळं झालं?

अरे, उठू नकोस. मंदार, बस. असा झटक्यात उठू नकोस, अडकेल तो गुडघा... अडकला. कुणीतरी धरा त्याला!

सुधींद्र, सावकाश, खुर्च्या पाडशील!

बसवा त्याला. पाय सरळ ठेव. हां. पाणी द्या.

दोन्ही बाजूंनी बघितलंत ना, व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोण कसं धावत गेलं? आता मला काही सिद्ध करायचं नाही.

काय म्हणतोस, मंदार? मोठ्याने बोल. ‘थांबलो म्हणून सांगा त्यांना, ताई.’ मी नाही सांगणार, तू सांग. माईक द्या त्याच्याकडे... ऐकलंत? थांबला.

बोलण्याच्या भरात मी एका सज्जन माणसाचं गुपित चव्हाट्यावर मांडलं, समारंभाचा क्रम मोडला, अध्यक्षांची वेळ खाल्ली. या सगळ्याबद्दल मी या सभागृहाची क्षमा मागते. सुधींद्रची मागत नाही; तो रागावला तरी रविवारी खेळायला आला म्हणजे झालं. संयोजकांचे, रामस्वामी सरांचे, आणि इतका वेळ न भांडता बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.

त्र्यंबकराव, सत्काराला आता हरकत नाही. निरोपाची शाल फक्त चार खुर्च्या पलीकडे घेऊन जावी लागेल.