सात ठिकाणची वाळू

शहर कोतवाली, ॲमस्टरडॅम. दिनांक १४ ऑक्टोबर १६३४, सकाळी दहा.

नाव माख्टेल्ड कोलमान, वय ४१ वर्षे, धंदा नकाशे रंगवणे, राहणार बंदरालगत, निळ्या लंगराची पाटी असलेले नकाशांचे दुकान.

मी समक्ष हजर होऊन विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती आद्रियान आणि माझे वडील वेसेल हार्मेन्स, वय ७२, असे राहतो. दुकान पतींचे आहे. माझा मुलगा हार्मेन, वय २०, धान्याच्या जहाजावर नोकरीला आहे. वडील तरुणपणी जहाजांना वाट दाखवायचे काम करत. नंतर नकाशे कोरू लागले. सहा वर्षांपासून त्यांना अजिबात दिसत नाही. त्यांना आम्ही मागच्या खोलीत ठेवले आहे. रोज सातूची लापशी, दोनदा मासळी आणि रविवारी लोणी मिळते. शेजारणी काहीही बोलोत, मी त्यांना उपाशी ठेवलेले नाही.

डेन्मार्कमधल्या ज्यूटलंडच्या किनाऱ्याचा नकाशा वडिलांनी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरला. त्यासाठी तीन उन्हाळे होडीतून दोरीला शिसे बांधून समुद्राची खोली मोजली. पाण्याखाली जिथे वाळूचे उंचवटे आहेत तिथे बारीक ठिपके आहेत. खाली कोपऱ्यात त्यांचे नाव होते. पत्र्याला शाई लावून कागदावर छाप घेतात, म्हणून पत्र्यावर अक्षरे उलटी असतात, पण त्यांचा अंगठा ती सरळ वाचतो. दर रविवारी चर्चमधून आले की ते पत्रा मांडीवर मागायचे आणि नावावरून अंगठा फिरवायचे. बाकी काही मागत नसत.

यंदा ईस्टरच्या सुमारास पती म्हणाले, "आंधळ्याचा नकाशा कोण घेईल? गिऱ्हाईक हसतं आपल्याला." अक्षरे कोरणारा आमचा कारागीर क्लास याने वडिलांचे नाव खरवडले, पत्रा मागून ठोकून सपाट केला आणि तिथे पतींचे नाव कोरले. जुन्या नावाच्या एकोणीस प्रती उरल्या होत्या. कोणी ताडून पाहू नये म्हणून पतींनी त्या चुलीत घातल्या. मी चूल पेटती ठेवली.

रविवारचे काय करायचे, हा प्रश्न होता. तळहाताएवढ्या तांब्याच्या तुकड्यावर क्लासकडून वडिलांचे नाव कोरून घ्यायचे ही युक्ती माझी. "बाबा, पत्रा जड आहे, मांडीला खुपेल, कोपरा तेवढा पुढे करते," असे सांगून मी तो तुकडा कापडाखालून त्यांच्या हाताशी धरत असे. ते खूश असत.

जूनमध्ये एका रविवारी घरी पाहुणे होते. क्लासने गंमत म्हणून दुसरा तुकडा कोरून आणला. त्यावर 'आंधळं घुबड' अशी अक्षरे होती. पती म्हणाले, "सासरेबुवा, आज नाव कसं लागतंय हाताला?" वडिलांनी अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. "छान उमटलंय," म्हणाले आणि हसले. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. आपण आत्ता कारण विचारलेत, तर कारण नाही, हसू आले.

पुढच्या आठवड्यात वडिलांनी आपणहून काम मागितले. म्हणाले, "बसून खातो, लाज वाटते. पत्रे पुसून ठेवत जाईन." फुकटचा हात म्हणून आम्ही हो म्हटले. ते दिवसभर छापखान्यात शेगडीजवळ पत्रे पुसत बसत. त्यांची जुनी घोटणी, म्हणजे तांबे घासून गुळगुळीत करायचे पोलादी हत्यार, त्यांच्या खिशात असते हे मला माहीत होते. ते काय करतात हे पाहायला कोणी थांबत नव्हते.

ऑगस्टमध्ये ज्यूटलंडच्या चोवीस प्रती छापल्या. रंगवल्या मी. ठिपके दिसतील तिथे पिवळा रंग द्यायचा, एवढेच माझे काम. पिवळ्या रंगाची एक शिंपली दहा प्रतींना पुरते. या खेपेस बारा प्रतींना पुरली. माझ्या ते लक्षात आले होते. रंग वाचला म्हणून बरे वाटले.

९ सप्टेंबरला माझा मुलगा 'यूदिथ' जहाजावरून डान्झिगला निघाला. ती वाट ज्यूटलंडच्या किनाऱ्यावरूनच जाते. त्यांच्या कप्तानासाठी त्या चोवीसातली एक प्रत मीच त्याच्या पेटीत घातली. निघताना तो आजोबांचा निरोप घ्यायला मागे गेला. वडिलांनी त्याचा हात घट्ट धरला आणि विचारले, "कुठला नकाशा नेतोयस रे?" मी दारातून मुलाला खूण केली. तो म्हणाला, "तुमचाच, आजोबा. कोपऱ्यात तुमचं नाव आहे." वडिलांनी हात सोडला. "मग जा सुखानं," म्हणाले.

२ ऑक्टोबरला सीब्रांट नावाचा कप्तान दुकानात आला आणि आमचा नकाशा त्याने पतींच्या तोंडावर फेकला. त्याचे जहाज वाळूत रुतून फुटता फुटता वाचले होते. "अहो कोलमान, इथली वाळू कुठे गेली? समुद्रानं खाल्ली की तुम्ही?" नकाशावर नाव पतींचे. ते मागे जाऊन वडिलांवर ओरडले. वडील शांतपणे म्हणाले, "सात ठिकाणची वाळू पुसलीय. कुठली, ते ज्याचं नाव आहे त्याला विचारा." पतींनी त्यांच्या तोंडात मारली, हे खरे आहे. दोनदा मारली.

'यूदिथ'सोबत निघालेली पाचही जहाजे डान्झिगला पोचल्याचे पत्र परवा आले. 'यूदिथ' पोचलेले नाही. वाळूच्या सात ठिकाणांपैकी एकच, सीब्रांटचे जहाज रुतले ते, आम्हाला माहीत आहे. उरलेली सहा कळली तर तिथल्या कोळ्यांना निरोप देऊन शोध घेता येईल. सगळा किनारा धुंडाळायचा तर हिवाळा येईल. जुन्या नावाची प्रत मी बंदरभर शोधली, एकही मिळाली नाही.

काल दुपारी मी वडिलांपुढे गुडघे टेकले. "बाबा, हार्मेनकडे नवा नकाशा आहे हो. मी दिलाय. सांगा कुठली वाळू पुसलीत." ते म्हणाले, "हार्मेनकडे माझा नकाशा आहे. त्यानं सांगितलंय मला." मी म्हटले, "ते खोटं होतं, मीच बोलायला लावलं." "नवऱ्याचा पत्रा दुरुस्त करून हवाय ना तुला? त्यासाठी पोराचं नाव घेतेस?" मी मुलाची शपथ घेतली, रडले, डोके आपटले. त्यांनी माझ्या गालावरून अंगठा फिरवला, डोळ्यांखालून हनुवटीपर्यंत. म्हणाले, "छान उमटलंय."

तरी माझी विनंती आहे की, ते ज्याच्यावर विश्वास ठेवतील असा कोणी माणूस कोतवालीने आजच्या आज त्यांच्याकडे पाठवावा. आमच्या घरात तसा एकच होता, तो त्या जहाजावर आहे.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. तो मला मोठ्याने वाचून दाखवला. 'मीही हसले' हे शब्द कारकुनाने दयेने गाळले होते, ते मी पुन्हा घालायला लावले. आता बरोबर आहे.