चंद्राला लावलेली पेन्सिल

माई, मंडळी, आणि ज्यांनी ज्यांनी अण्णांपुढे बसून फोटो काढून घेतला ते तुम्ही सगळे,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण अण्णांविषयी मी बोलले नाही, तर ही गोष्ट सांगणारं दुसरं कोणी नाही.

मी शालन. अण्णांच्या स्टुडिओत खिडकीपाशी मान खाली घालून बसलेली मी तुम्हाला दिसले असेन. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायची, म्हणजे छापलेल्या फोटोत डाग, वण, सुरकुत्या दिसत नाहीत. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे चेहरे मी साफ केलेत. हसताय काय, खरंच सांगते.

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. लग्नासाठी माझा फोटो अण्णांनीच काढला होता. तेव्हा पेन्सिल तेच चालवायचे. वडिलांनी विनवलं, म्हणून त्यांनी माझे सगळे वण बुजवले. मुंबईच्या मंडळींना फोटो पसंत पडला. ती बघायला आली, मला बघितलं, आणि पोह्यांना हात न लावता उठली. आठवड्याने अण्णा आमच्या घरी आले. वडिलांना म्हणाले, "चूक माझी झाली. पोरीला माझ्याकडे पाठवा, माझी विद्या तिला देतो." त्याच विद्येवर मी आजवर पोट भरते आहे.

आता त्या चंद्राची गोष्ट. स्टुडिओतल्या फोटोतला किल्ल्यामागे उगवणारा पूर्ण चंद्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आपण काय करतो? किल्ल्यावर जातो आणि समुद्राकडे तोंड करून मावळता सूर्य बघतो. चंद्र येतो पाठीमागून, पालीच्या डोंगरांकडून. किल्ला पुढे आणि चंद्र मागे हवा, तर समुद्रातच जायला हवं. अण्णा गेले. पहिल्या पौर्णिमेला ढग. दुसरीला होडी हलली, आणि चंद्राचा नुसता फराटा आला.

मग मांडवीचे होडीवाले सखारामदादा, ते बघा मागे बसलेत, ते म्हणाले, "अण्णानू, पुनवेच्या सांजेला सुकती लांब जाते, पाणी पार मागे सरतं. पाण्यातला खडप उघडा पडतो. तिथे तुमचं कॅमेऱ्याचं तिकाटणं लावा. पण पाणी फिरलं की मी थांबायचा नाय." दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला अण्णा त्या खडकावर उतरले. शेवाळावरून पाय घसरला. कॅमेरा वर धरला आणि कपाळ फोडून घेतलं! तशाच रक्ताळलेल्या कपाळाने त्यांनी फोटो काढला. एकच मिळाला, तोवर पाणी फिरलं.

ती निगेटिव्ह माझ्या टेबलावर आली. मुगाएवढा चंद्र. त्यावर डाग. आणि माझा हात, मंडळी, माझा हात थांबला नाही. भिंग लावून मी चंद्राचे सगळे डाग बुजवले. वर खूशही झाले.

फोटो छापून अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाला धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन पौर्णिमांची मेहनत होती ती. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण ते हळूच म्हणाले, "शालू, हा आपला चंद्र नाही गो. लोक ह्याला ओळखतील का?" मग टर्पेंटाइनचा बोळा माझ्या हातात दिला. "पूस. तूच पूस."

मी पुसलं. एकेक डाग परत आला. मी रडत होते, ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, "आता ऊठ आणि दिव्यापुढे बस." त्यांनी माझा फोटो काढला. त्याला पेन्सिल लावली नाही, मलाही लावू दिली नाही. हातात देताना म्हणाले, "हाच तेव्हा द्यायला हवा होता."

माझं लग्न झालं नाही. पण त्या दिवसापासून मी गालावर पदर ओढून बाजारात गेले नाही. माझ्या वाट्याला एवढं आलं, आणि ते अण्णांमुळे आलं. ह्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

हा हार घातलेला फोटो काल मी तयार केला. माई म्हणाल्या, "ह्यांच्या कपाळावरची ती खोक जरा बुजव ना." माई, रागावू नका. मी पेन्सिल उचललीच नाही. खोक तशीच आहे. डावी पापणी किंचित खाली आहे, तीही तशीच आहे. हे आपले अण्णा आहेत.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. एक विनंती आहे, मान खाली घालू नका. वर करा, आणि त्यांच्याकडे नीट बघा.

अण्णा, नमस्कार करते.