पहिला पीस

पिंपरीच्या स्टॉपवर शाळेच्या शालनबाई हातातलं भाषण घोकत होत्या. पुढे दोन कामगार बोलत होते.

“भीमराज, दर जयंतीला नवं गाणं. शिफ्ट सांभाळून लिहितोस कधी?”

“लेथ मशीनवरच. एक जॉब कापायला चार मिनिटं लागतात, तेवढ्यात एक ओळ. पण पहिली सुचलेली घेत नाही.”

“का रं?”

“मशीनचं सेटिंग केल्यावर पहिला पीस कुठं टाकतोस, खंडू?”

“भंगारात.”

“मग? पहिली ओळ सगळ्यांनाच सुचते.”

“मानलं राव. बारा वर्षं पीस टाकतोय, हे डोक्यात आलं न्हाई.”

बस आली. शालनबाईंनी ‘आजचा दिवस सोन्याचा आहे’ ही पहिली ओळ खोडली. दुसरी खोडेपर्यंत बस निघून गेली होती.