बुरुलच्या ब्लॉगचं नाव

बुरुल : नाही, 'बोल' नको. 'बोल' तिच्या ब्लॉगच्या नावात आहे.

जोल्दोश : 'बोल' हा शब्द काय पेरीझातने विकत घेतलाय?

बुरुल : घेतल्यासारखाच आहे. 'बोल ना, बाळा'! शोभतं का हे स्पीच थेरपिस्टच्या ब्लॉगला? अंगाईगीत वाटतं. पण काराकोलमधली एक आई दाखव मला, जी सकाळी उठून ते वाचत नाही.

जोल्दोश : माझी आई वाचत नाही.

बुरुल : तुझी आई चष्मा हरवून बसलीय म्हणून.

जोल्दोश : हे बघ, मी केव्हापासून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलोय. रंग झाले, तुझा फोटो लावला, 'वीस वर्षांचा अनुभव' लिहून झालं. फक्त नावाची जागा रिकामी आहे. एक नाव सांग, की मी बोरसोक खायला मोकळा.

बुरुल : खा की. मी कुठे हात धरलाय? बरं, हे बघ. 'खरी वाचा'.

जोल्दोश : खरी. म्हणजे दुसरी कुणाची तरी खोटी.

बुरुल : मी तसं म्हटलं का?

जोल्दोश : अजून कुणी म्हणायचं राहिलंय? पुढचं.

बुरुल : 'अनुभवाचे बोल'. नाही, परत 'बोल' आलं. 'आधी शिका, मग शिकवा'.

जोल्दोश : हे नाव आहे की थोबाडीत?

बुरुल : हस. तुला हसायला काय जातंय! तीन वर्षं ती माझ्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून शिकली. जीभ कुठे टेकवायची, आरसा कसा धरायचा, तोतरं बोलणाऱ्या पोराचं वाक्य मध्येच का तोडायचं नाही, सगळं इथलं. आणि आता तेच लिहिते, खाली फुलांची चित्रं लावून. एजे म्हणायची मला. सख्ख्या मोठ्या बहिणीला म्हणावं तशी, एजे! आणि तुला जेझ्दे, थेट भावोजीच!

जोल्दोश : अजूनही म्हणते. परवा बाजारात भेटली तेव्हा विचारत होती, एजे कशा आहेत.

बुरुल : आणि तू काय सांगितलंस?

जोल्दोश : म्हटलं, मजेत आहे. तुझाच ब्लॉग वाचत असते.

बुरुल : जोल्दोश!

जोल्दोश : नाही सांगितलं, नाही सांगितलं. बस खाली. नाव राहू दे. लिहायचं कशावर ते तरी ठरलंय का?

बुरुल : सगळ्यावर. तोतरेपणा, उशिरा बोलणारी मुलं, 'र' न येणारी मुलं, लकव्याचा झटका आल्यावर वाचा गेलेले म्हातारे. मला सगळं येतं.

जोल्दोश : तीही सगळ्यावरच लिहिते ना?

बुरुल : म्हणून तर. तिला येत नसताना लिहिते.

जोल्दोश : बरं, पहिला लेख वाच.

बुरुल : लगेच नको. अजून नीट झालेला नाही.

जोल्दोश : वाच गं.

बुरुल : "आजकाल काही तरुण तज्ज्ञ दोन-चार युक्त्या शिकून पालकांची दिशाभूल करतात. टाळ्या वाजवणं म्हणजे उपचार नव्हे, हे सुजाण पालकांनी..."

जोल्दोश : मी सुजाण पालक. मला झोप आली.

बुरुल : तुला काय कळतंय त्यातलं!

जोल्दोश : मला कळत नाही, मान्य. मी शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. पण माझं पोर बोलत नसतं, आणि धडधडत्या छातीने मी हे उघडलं असतं, तर मला काय मिळालं असतं यात? माझ्या पोराबद्दल एक अक्षर नाही. सगळं पेरीझातबद्दल. तू हे तिच्यासाठीच लिहितेयस, बुरुल. ती एकटीच वाचणार आहे.

बुरुल : वाचू दे. जळू दे जरा.

जोल्दोश : जळतंय कोण, ते दिसतंय मला.

बुरुल : हो, जळतेय! झालं समाधान? तुला सेझिम आठवते?

जोल्दोश : घरात चुरुचुरु बोलायची आणि उंबऱ्याबाहेर तोंड शिवल्यासारखी, ती?

बुरुल : तीच. हिवाळाभर माझ्याकडे आणत होती तिची आई. आम्ही दोघी लोकर निवडायचो. गवताची कुसळं काढायची, लोकर एका बाजूला, कुसळं दुसऱ्या बाजूला. मी तिच्याकडे बघायची नाही, काही विचारायची नाही. तिची आई दाराशी उभी राहून उसासे टाकायची. शेवटी म्हणाली, तुमच्याकडे माझी पोर लोकर निवडायला शिकली, बोलायला नाही. आणि घेऊन गेली पेरीझातकडे.

जोल्दोश : हे मला माहीत आहे.

बुरुल : पुढचं माहीत नाही. मागच्या महिन्यात पेरीझातने लिहिलं, 'एका मुलीचा पहिला शब्द'. नाव नाही, गाव नाही, पण मला कळायचं राहील का? पोरगी 'सफरचंद' म्हणाली, मग टाळ्या, मग आईचे अश्रू. आणि खाली सगळ्या बायका, तुम्ही देवदूत आहात, तुमच्या हातात जादू आहे! जोल्दोश, तो पहिला शब्द नव्हता.

जोल्दोश : म्हणजे?

बुरुल : बर्फ वितळायला लागला होता तेव्हा. कुसळ बोटात घुसलं आणि ती म्हणाली, 'टोचलं'. अगदी हळू. मी मान वर केली नाही. म्हटलं, टोचतंच ते. आणि निवडत राहिले.

जोल्दोश : आणि तिच्या आईला सांगितलं नाहीस?

बुरुल : सांगितलं असतं तर तिने घरी जाऊन धिंगाणा घातला असता. बोल, परत बोल, आजीला बोलून दाखव. अशी पोरं बोलतात तेव्हा आपण काही ऐकलंच नाही असं दाखवायचं असतं. अजून थोडे दिवस हवे होते मला, बस.

जोल्दोश : मलाही नाही सांगितलंस.

बुरुल : तुझ्या पोटात काही राहतं का?

जोल्दोश : थांब, दार वाजतंय. कोण असेल आता? खिडकीतून बघ.

बुरुल : तीच आहे. लाल कोट. मी घरात नाही म्हणून सांग.

जोल्दोश : तुझा आवाज फाटकापर्यंत जातो. ये, पेरीझात, ये. बूट राहू देत, फरशी अशीही पुसायचीच आहे.

पेरीझात : नाही नाही, काढते की. जेझ्दे, तुम्ही बरे आहात ना? एजे, मी... म्हणजे मी फोन करणार होते, पण म्हटलं तुम्ही उचलणार नाही. आश्ल्यान-फू आणलंय, त्या तुमच्या आवडत्या बाईकडचं, तिखट वेगळं बांधून घेतलंय...

बुरुल : जेवण झालंय आमचं.

जोल्दोश : माझं नाही झालं. दे इकडे. बस तू. चहा घेशील ना?

पेरीझात : बसत नाही. म्हणजे बसते. एजे, सेझिमबद्दल विचारायचं होतं.

बुरुल : कोण सेझिम? जिचा पहिला शब्द तू काढलास ती? मला काय विचारतेस! तुझ्या हातात जादू आहे म्हणे. मी तर लोकर निवडणारी बाई.

पेरीझात : तिचं बोलणं बंद झालंय.

बुरुल : असं? मग आणखी टाळ्या वाजव.

पेरीझात : एजे...

बुरुल : नाहीतर असं कर. मी ब्लॉग सुरू करतेय. त्यावर लिहिणार आहे सगळं. वाच तिथे, हजारो आयांबरोबर.

पेरीझात : ती घरीही बोलत नाही आता.

बुरुल : काय?

पेरीझात : आईशी नाही, आजीशी नाही. पहिल्यांदाच असं झालंय. पाणी हवं असलं तर भांड्याकडे बोट दाखवते. आजी रात्रंदिवस रडते. मी काय काय करून बघितलं, बाहुल्या, गाणी, चित्रं. खोलीत आली की माझ्याकडे पाठ करून बसते.

बुरुल : 'सफरचंद' म्हणाली तेव्हा फोन हातात होता तुझ्या?

पेरीझात : हो. म्हणजे आईच म्हणाल्या की आठवण म्हणून...

बुरुल : आणि ब्लॉगवर चढवलंस.

पेरीझात : चेहरा नव्हता दाखवला. फक्त आवाज होता. आणि मग तिच्या आजोबांची पंचाहत्तरी झाली, तिथे आईने तो आवाज मोठ्याने लावला. गाव जेवायला आलेलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले, कुणी तिला उचलून टेबलावर उभं केलं, म्हणे आता आमच्यासमोर म्हण. तेव्हापासून बंद. मी तो आवाज काढून टाकला, तो लेखच काढून टाकला. पण आता काढून काय उपयोग?

जोल्दोश : बुरुल, काहीतरी बोल.

बुरुल : काय बोलू? मी तुला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, पेरीझात. अशा पोराकडे बघायचं नाही, शाबासकी द्यायची नाही. का विसरलीस?

पेरीझात : विसरले नव्हते. मला जमत नाही. तीन वर्षं त्या खुर्चीवर बसून मी हेच बघायची, तुम्ही नुसत्या बसायचात आणि मुलं आपोआप तुमच्या बाजूला सरकायची. घरी जाऊन मी आरशासमोर गप्प बसून बघितलंय, एजे. माझ्याकडे फक्त आया सरकतात. मुलं नाही.

बुरुल : आया तरी सरकतात.

पेरीझात : त्या तुम्ही घ्या सगळ्या. मला फक्त सांगा, ही पोरगी आता कशी...

बुरुल : सांगून येणारं असतं तर तीन वर्षांत आलं असतं. तिला इथे घेऊन ये. दवाखान्यात नको, इथे, स्वयंपाकघरात. लोकर पोटमाळ्यावर आहे. आई दाराशी उभी राहणार नाही, तिला फाटकावरूनच परत पाठवायचं. बोलली तर बोलली, नाही तर नाही. सांग तिला, कुणाला घाई नाही.

पेरीझात : मी आणून सोडते आणि जाते.

बुरुल : जातेस कुठे? तूही बसायचंस. तिचा तुझ्यावरचा विश्वास उडालाय, तो मी कसा परत आणू? फोन बाहेर ठेवायचा. आणि तोंड उघडलंस तर बघ.

पेरीझात : नाही उघडणार. एजे, तुमच्या ब्लॉगचं मी माझ्याकडे लिहिते, म्हणजे सगळ्या आयांना कळेल...

बुरुल : माझ्यावर उपकार नकोत. जा आता, अंधार पडतोय. आणि ते तिखट वेगळं बांधलंय म्हणालीस, ते कुठाय? पिशवीतच राहिलं की.

जोल्दोश : गेली. रडत होती गं फाटकापाशी.

बुरुल : माहितीय. जोल्दोश, ती 'बंद झालंय' म्हणाली ना, तेव्हा आधी मला बरं वाटलं. एका लेकराची वाचा गेली आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. असली कसली बाई मी?

जोल्दोश : जळणारी. पण पोरीला परत बोलावलंस.

बुरुल : तो लेख पुसून टाक. 'तरुण तज्ज्ञ'वाला.

जोल्दोश : मघाशीच पुसला, तू दाराकडे बघत होतीस तेव्हा. आता लिहायचं कशावर?

बुरुल : बोलता येत असून जी बोलत नाहीत, त्यांच्यावर. तेवढंच. तोतरेपणा, 'र', म्हातारे, सगळं राहू दे. ते लिहू दे तिला, बरं लिहिते ती. पण या मुलांबद्दल कुणी लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही घडतच नाही ना. महिनोन्‌महिने एक बाई आणि एक पोर लोकर निवडतात. उसासे टाकणाऱ्या आईला आत काय चाललंय ते सांगायला हवं होतं मी. पोरीचा शब्द नव्हता सांगायचा, पण मी गप्प का बसतेय ते तरी सांगायचं. सांगितलं असतं तर ती थांबली असती.

जोल्दोश : मग हे नाव कसं वाटतं बघ. मी टाकूनही दिलंय. 'घाई नाही'.

बुरुल : 'घाई नाही'. कोण वाचणार असल्या नावाचा ब्लॉग?

जोल्दोश : ज्याला फार घाई झालीय तो.

बुरुल : राहू दे मग. आणि तो 'वीस वर्षांचा अनुभव' जरा बारीक कर. नको, आहे तेवढाच ठेव.

(पहिला बर्फ पडून गेल्यावर, त्याच स्वयंपाकघरात.)

जोल्दोश : आज फाटकापाशी सेझिमची आजी भेटली. माझे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना. म्हणाली, काल रात्री पोरीने तिच्याकडे गोष्ट मागितली.

बुरुल : मागितली असेल.

जोल्दोश : म्हणजे तुला माहीत होतं? इथे बोलली का ती?

बुरुल : कालच बोलली. दुपारी.

जोल्दोश : आणि परत मला सांगितलं नाहीस! काय म्हणाली?

बुरुल : 'तुमच्या केसांत लोकर आहे.'

जोल्दोश : वा! अख्खं वाक्य! तुझ्या केसांत सारखी लोकर असतेच म्हणा.

बुरुल : मला नाही म्हणाली.

जोल्दोश : मग?

बुरुल : पेरीझातला. आम्ही तिघी बसलो होतो. पोरगी माझ्या शेजारी, मांडीला मांडी लावून. उठली, मला वळसा घालून तिच्यापाशी गेली आणि म्हणाली. केसांतली लोकर काढूनही दिली.

जोल्दोश : आणि पेरीझात?

बुरुल : शहाणी झालीय. 'असू दे' म्हणाली आणि हातातलं काम करत राहिली. अगदी मी केलं असतं तसं.

जोल्दोश : हे ब्लॉगवर लिहिणार?

बुरुल : अजून नाही. पोरगी मोठी झाल्यावर तिला विचारून.

जोल्दोश : आणि तू? तू काय केलंस तेव्हा?

बुरुल : मी मान खाली घालून बसले. वर बघितलं असतं तर माझा चेहरा दिसला असता पोरीला.