तिवरांना सोडलेली जमीन

काय सांगू तुम्हाला, माझा जल्म खाडीपल्याडचा, लगीन करून अंजूरला आली ती चिखलातून आली आनि चिखलातच ऱ्हायली, खेकडं-चिंबोऱ्या धरल्या, खारजमिनीत भात लावला, उधाण आलं का बांधावर माती टाकाला धावली. आमचे मालक मानकोलीला गोडाऊनवर वाचमन, म्हंजे बांध माझाच.

मंग एकदा कॉलेजातली बाई आली, चपला हातात घेऊन. बोलली, मावशी, तिवरं मोजायची आहेत, मदत कराल का? मना हसूच आलं, खाडीकाठची ती खारफुटी, तिवरं कोन मोजतं? पन दिवसाचा रोज देत व्हती, गेली. खाडीपासून आमच्या बांधापर्यंत खुंट्या ठोकल्या, दर उधाणानंतर रोपांची उंची घ्यायची. मना लिवता न्हाय येत, मी दोरीला गाठी मारायची, बाई वहीत उतरवायची. बाई सांगायची, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर जातो ना, त्यातला एक वायू हवेत वाढतोय, तेच झाडांचं खाणं. मी बोलली, मंग बरंच हाय, झाडं पोसतील. तर बोलली, थोडी पोसतात मावशी, पण त्याच वायूनं जग तापतं, समुद्र चढतो, खालची झाडं बुडतात.

मना पटलं न्हाय. पन दोन पावसाळं मोजलं न माझ्याच डोळ्यांनी बघितलं, खाडीकडली रांग उभ्या उभ्या सुकली, तिची मुळं श्वास घ्यायला पान्यावर येतच न्हवती, आनि नवी रोपं सगली वर, आमच्या बांधाच्या फटीत. झाडाला पाय न्हाय, पन चालत व्हती बगा.

त्याच साली बांध फुटला, भात खाऱ्या पान्यानं गेला. दीर आला, वैनी, गोडाऊनवाला आपल्या शेताची अख्खी पट्टी मागतो, भराव तोच टाकील, अंगठा दे. मी बोलली, वरचा तुकडा तुझा, तू वीक, खालचा मी देनार न्हाय. दीर बोलला, भात पिकत न्हाय, काय करशील त्याचं? मी बोलली, तिवरांना देईन. मालक तर चार दिस माझ्या हातचं जेवले न्हाईत. मी पन हटली न्हाय. मालकांना बोलली, खाली पानी, वर तुमच्या गोडाऊनचा भराव, मधी झाडानं जावं कुठं, आनि झाडं गेली तर चिंबोरी कुठं, चिखलातली निवटी मासळी कुठं, आपन काय खावं?

पाचव्या दिशी मालक टिकाव घेऊन बांधावर आले. मना वाटलं फुटलेला बांध बुजवाला आले. मी आडवी उभी ऱ्हायली. तर बोलले, सरक, अजून कुठं फोडू ते सांग.

दिरानं वरचा तुकडा गोडाऊनवाल्याला विकला, आजून बोलत न्हाय आमच्याशी. बाईचं शिक्षण पुरं झालं, ती लांब गेली, पन मी मोजते. तिवरं निम्म्या शेतात आली, निवट्या उड्या मारतात तिथं. शेताच्या मागं आता गोडाऊनची भिंत हाय, तिथवर पोचली का पुढं वाट न्हाय, ठावं हाय मना. पन तिथवर तरी जाऊ दे. मी हाय तवर त्यांना कोन अडवत न्हाय.