आवरल्याशिवाय हलायचं नाही

धाकटी : ते कप खाली ठेवा आधी, दाजी. मी काय विचारतेय?

दाजी : खाली कसे ठेवू? एकेक मोज्यात घालायचाय. मोज्याशिवाय ठेवले की वळणावर खडखडतात. तुझ्याच ताईची पद्धत, तुला मी सांगायची का?

धाकटी : ही घरगाडी आज दुसऱ्याच्या दारात जायची. तो हिच्यात चष्म्यांचं दुकान मांडणार. आता कप खडखडले काय आणि फुटले काय!

दाजी : कप त्याला नाही द्यायचे. लेक न्यायला येतेय. आईचं म्हणून गाडीत जे जे आहे ते सगळं हवंय म्हणाली. म्हणाली म्हणजे, निरोप पाठवला. माझ्याशी कुठे बोलते ती.

धाकटी : तेच तर विचारतेय! आज येईल, आईच्या वस्तू उचलेल आणि परवा पोराला घेऊन त्या लांबच्या गावाला कायमची जाईल. तिकडच्या बसवर ड्रायव्हरची जागा मागून घेतलीय तिनं. मागून! पुन्हा या दारात पाऊल टाकायची नाही. ताईला जाऊन वर्ष झालं, आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात. आज तरी सांगणार का?

दाजी : काय सांगायचं?

धाकटी : खरं काय झालं ते.

दाजी : ते तिला ठाऊक आहे. सहलीत तळ्याकाठी आपल्या शेजारी तंबू ठोकलेला तो पोस्टमन आठवतो? त्यानं सांगितलं तिला. तुमची आई खुर्चीत छाती धरून बसली होती आणि वडील गाडीबाहेर ताणलेलं कापडी छत गुंडाळत होते. खोटं सांगितलं का त्यानं? गुंडाळतच होतो की मी.

धाकटी : पण गुंडाळायला लावलं कोणी?

दाजी : हळू बोल. खिडक्या उघड्या आहेत.

धाकटी : असू देत. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे. ताईनं लावलं! ‘आवरल्याशिवाय गाडी हलायची नाही,’ हे कोणाचं वाक्य? तुमचं? तुम्ही तर एका वर्षी पायरी बाहेर ठेवूनच निघाला होतात.

दाजी : फाटकाचा खांब आडवा केला होता. आणि आत तेलाची बरणी लवंडली. साडू माळ्यावर झोपलेला, त्याच्या डोक्यावर कपड्यांची पेटी. तरी उठला नाही गडी. आम्हाला वाटलं गेला. मग घोरला.

धाकटी : हसवू नका. मी भांडायला आलेय.

दाजी : साडू का नाही आला?

धाकटी : फाटकाबाहेर उभे आहेत. म्हणाले, मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. दोघं साडू एकाच माळेचे मणी. तेही वर्षभर धड जेवलेले नाहीत. दोरी सोडायला सांगितली तर दोरी सोडत बसलो म्हणतात, कपडे वाळत घालायची. ओल्या टॉवेलच्या घड्या घातल्या हो त्यांनी. घड्या!

दाजी : तू भांडी घासलीस.

धाकटी : घासली. ती म्हणाली, खरकटं घेऊन निघायचं नाही, मुंग्या होतात. मी घासली, पुसली, कपाटात लावली आणि कडी घातली. ती खुर्चीतून बघत होती, कडी नीट बसली का ते. घामानं डबडबली होती. मी म्हटलं, ताई, तुझा रंग बरा दिसत नाही. म्हणते, पोटात गॅस धरलाय, तू आधी तो चमच्यांचा खण ढकल.

दाजी : ठोकळेसुद्धा मोजायला लावले तिनं मला. चाकांखालचे.

धाकटी : आणि पोस्टमन स्वतःची छोटी गाडी घेऊन आला होता, हे सांगितलं का त्यानं? दार उघडून उभा होता बिचारा. म्हणाला, बसा, टेकडीपलीकडे दवाखाना आहे. ताई काय म्हणाली?

दाजी : परक्याच्या गाडीत ओकारी झाली तर काय तोंड दाखवायचं.

धाकटी : हे सांगा लेकीला! एवढंच सांगा!

दाजी : नाही.

धाकटी : का पण?

दाजी : तुला कळत नाही का गं? आज तिची आई तिच्या मनात कशी आहे? चांगली आहे. बापानं गाडीच्या नादात मारली, बिचारी आई. ते तसंच राहू दे. मी सांगितलं की तिची आई हट्टी होईल. टॉवेलच्या घडीपायी जीव घालवलेली मूर्ख बाई होईल. गेलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूनं बोलता येत नाही. मी आहे ना जिवंत. फोडू दे खापर माझ्या डोक्यावर.

धाकटी : आणि तुम्ही या घरात एकटे? नातवाचं तोंडसुद्धा बघायचं नाही?

दाजी : मोठा झाला की येईल आपला आपण.

धाकटी : तोवर तुम्ही असणार आहात का? बघा जरा आरशात. शर्टात माणूस आहे की हँगर, कळत नाही.

दाजी : तुझी जीभ अगदी ताईवर गेलीय.

धाकटी : मी सांगणार, दाजी. तुम्ही नाही तर मी. माझी भाची आहे ती, मीही काही परकी नाही.

दाजी : तुला शपथ घातली तर?

धाकटी : शपथा ताई घालायची. तुम्हाला ते जमत नाही.

दाजी : हात जोडतो मग.

धाकटी : खाली घ्या ते हात. लाज वाटते मला. अहो, मोठे आहात तुम्ही माझ्याहून.

(फाटक वाजते. लेक बसड्रायव्हरच्या खाकी सदऱ्यात, रिकामी पिशवी घेऊन गाडीच्या दाराशी येऊन उभी राहते. पायरी चढत नाही.)

लेक : मावशी, तू इथे? काका बाहेर का उभे आहेत?

धाकटी : त्यांचं विचारू नकोस. ये, वर ये.

लेक : इथूनच द्या. चष्मा, शाल आणि तिचे कप. ती चिमट्यांची पिशवीपण द्या, माझ्या जुन्या फ्रॉकच्या बाहीची शिवलेली. बाकी काही नको.

दाजी : शाल माळ्यावर आहे. काढतो. कप झालेच, दोन राहिलेत.

लेक : मोज्यात घालत बसू नका. मला ड्युटीवर परत जायचंय.

दाजी : फुटतील गं.

लेक : फुटू देत! कधी तरी एखादी गोष्ट फुटू देत या घरात!

धाकटी : अगं, बापाशी बोलतेस तू.

लेक : कोणाशी बोलतेय ते ठाऊक आहे मला. सुतार माणूस. पावाच्या जुन्या गाडीत खिळा खिळा ठोकून घर उभं केलं. मी शाळेत होते, तेव्हापासून बघतेय, हिला ओरखडा आला तर हे दिवसभर जेवायचे नाहीत. मी दिवसभर बस चालवते, मावशी. गाडी म्हणजे पत्रा आणि चाकं. मी असते ना तिथे, तर आईला उचलून आत टाकली असती आणि निघाले असते. छत फरफटत नेलं असतं, खुर्च्या तिथेच, दोऱ्या तिथेच. त्या ठोकळ्यांवरून गाडी उडवली असती.

दाजी : हो. तसंच करायला हवं होतं.

धाकटी : झालं! हे असंच बोलणार. ऐक, पोरी. मला राहवत नाही आता. तुझ्या बापानं स्वतःहून एक दोरीसुद्धा सोडली नाही त्या दिवशी. तुझी आई–

दाजी : धाकटे!

धाकटी : तुझी आई सांगत होती. खुर्चीत बसून एकेकाला कामाला लावत होती. मला, तुझ्या काकांना, सगळ्यांना. शेवटी उठली आणि छातीवर हात दाबून गवतात फिरली, काही राहिलं का बघायला. काड्यापेटीची जळकी काडी उचलली तिनं वाकून. ‘आपण इथे राहिलो होतो हे गवतालासुद्धा कळता कामा नये.’ वाकू नकोस म्हणून मी ओरडले, तर माझ्यावरच डोळे वटारले. हे सगळं तुझ्या बापानं गिळलं, तुला आईबद्दल वाईट वाटू नये म्हणून. आता काय म्हणायचं ते म्हण.

लेक : झालं सांगून?

धाकटी : झालं.

लेक : हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मावशी.

धाकटी : कोणी सांगितलं?

लेक : सांगायला कशाला हवं? तिच्याच पोटची ना मी? पोराच्या वेळी कळा सुरू झाल्यावर तिनं मला आधी अंथरुणाची चादर बदलायला लावली होती. दवाखान्यातून कोणी घरी आलं तर काय म्हणेल! पोस्टमननं मला सांगितलं, वडील छत गुंडाळत होते, तेव्हाच मला तिचा आवाज ऐकू आला. ‘नीट गुंडाळा हो, कडा जुळवा.’

धाकटी : मग यांच्यावर कसला राग? वर्षभर? तोंड बघत नाहीस माणसाचं!

लेक : तिनं सांगितलं आणि यांनी ऐकलं. त्याचा राग. एकदा, फक्त एकदा तिचं ऐकायचं नव्हतं. उभ्या जन्मात एकदा.

धाकटी : तुझ्या आईचं न ऐकणारा माणूस दाखव मला एक.

लेक : म्हणूनच म्हणते. तुम्ही तिघं होतात तिथे. तिघं मोठी माणसं.

दाजी : बरोबर आहे तिचं.

धाकटी : काय बरोबर आहे!

दाजी : तू थांब जरा. बरोबर आहे. पण मी का ऐकलं ते विचार. भिऊन नाही. छत-बित गेलं खड्ड्यात, ते मी दहा बांधली असती. ती हुकूम सोडत होती ना... ‘खुंटी राहिली, नळी गुंडाळा, आंधळे आहात का.’ मला वाटलं, ही एवढं बोलतेय म्हणजे हिला फार काही झालेलं नाही. फार झालं असतं तर गप्प बसली असती. जोवर मी एकेक काम करत होतो, तोवर तिला सांगायला पुढचं काम सापडत होतं. मला धीर येत होता गं त्यानं. मीच रेंगाळलो असेन कदाचित. तिचं बोलणं संपू नये म्हणून.

धाकटी : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

दाजी : आज जिभेवर आलं.

लेक : गप्प कधी झाली?

दाजी : टेकडीवर. तिसऱ्या की चौथ्या वळणावर. माझ्या शेजारीच बसली होती पुढे. ‘हळू घ्या,’ म्हणाली. मग काही नाही. मी म्हटलं, बरं झालं, डोळा लागला. आणि मी... मी गाडी आणखी हळू घेतली. तिची झोप मोडू नये म्हणून.

धाकटी : अरे देवा.

लेक : दवाखान्यापर्यंत?

दाजी : दवाखान्याच्या दारापर्यंत. एकसुद्धा कप वाजला नाही.

लेक : मावशी, पाणी आहे का इथे?

धाकटी : टाकी रिकामी केलीय यांनी. माझ्याकडे बाटली आहे, घे. बस अशी पायरीवर. बस म्हटलं ना.

लेक : गाडी कधी न्यायचीय त्या माणसाकडे?

दाजी : आत्ताच. तो वाट बघत असेल. तुझं सामान दिलं की निघतोच.

लेक : हे हात घेऊन? कप धरता येत नाहीये तुम्हाला.

दाजी : चाक धरलं की थांबतात.

लेक : नाही थांबत. मी रोज बघते असे लोक रस्त्यावर. किल्ली द्या.

दाजी : तुझी ड्युटी?

लेक : कळवते डेपोत. किल्ली.

धाकटी : पोरी, म्हणजे तू आता–

लेक : माफ-बिफ काही केलेलं नाही मी, मावशी. जमणारही नाही. परवा मी जाणारच आहे. तू उगीच डोळे पुसू नकोस. काकांना घेऊन घरी जा, दोघं जेवा काहीतरी.

धाकटी : जाते. तुझी पिशवी?

लेक : राहू दे गाडीत. उतरताना घेईन.

दाजी : मी मागे बसतो. बाकावर.

लेक : मागे कशाला?

दाजी : पुढची ती जागा तिची आहे.

लेक : माहीत आहे. तिथेच बसा.

दाजी : बरं.

लेक : आणि बाबा...

दाजी : काय?

लेक : रस्ताभर बोलत राहायचं. काहीही बोला, माझ्यावर ओरडा हवं तर. पण गप्प बसायचं नाही.

दाजी : काय बोलू? फाटकाशी खड्डा आहे, डावीकडून घे.